श्वानपिल्लांमधील मधमाशीदंश

श्वानपिल्लांमधील मधमाशीदंश म्हणजे कुत्र्याच्या पिल्लास मधमाशीने नांगी मारल्यामुळे त्याच्या शरीरावर होणारा परिणाम होय. बहुतेक वेळा हा परिणाम डंखाच्या जागी होणारी वेदना, लाली व सूज एवढ्यापुरताच मर्यादित राहतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो. मात्र तीन परिस्थितींत तो जिवावर बेतू शकतो : विषाची तीव्र ॲलर्जी असणे, तोंडात वा घशात डंख होणे आणि एकाच वेळी अनेक माश्यांनी डंख मारणे. यांपैकी पहिल्या दोन परिस्थितींत धोक्याची लक्षणे बहुधा काही मिनिटांतच दिसू लागतात. त्यामुळे डंखानंतरचा पहिला अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा मानला जातो. तिसऱ्या परिस्थितीत पिल्लू सावरल्यासारखे वाटल्यानंतरही पुढील दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. कुत्रे आपली जखम चाटते. त्यामुळे माणसांच्या डंखावर लावले जाणारे काही घरगुती पदार्थ पिल्लाच्या बाबतीत मूळ डंखापेक्षा अधिक अपायकारक ठरू शकतात.

डंख होण्याची कारणे

पिल्ले उडत्या वा सरपटत्या कीटकांचा पाठलाग करतात, त्यांवर पंजा मारतात आणि त्यांना तोंडात पकडण्याचा प्रयत्न करतात. यामुळे नाक, ओठ, जीभ, पापण्या व पुढील पायांचे पंजे या जागी डंख होण्याचे प्रमाण अधिक असते. पोटाच्या खालच्या भागावर केस विरळ असल्याने फुललेल्या गवतावर लोळताना तेथेही डंख होतो.

मधमाशी अन्न गोळा करत असताना सहसा आक्रमक नसते. ती पायाखाली वा तोंडात दाबली गेली किंवा पोळ्याला धोका निर्माण झाला, तरच नांगी मारते. उन्हाळ्यात पोळे थंड ठेवण्यासाठी कामकरी माश्या पाणी वाहून नेतात. त्यामुळे अंगणात कुत्र्यासाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यावर माश्या जमतात आणि पाणी पिताना पिल्लाच्या ओठांना वा जिभेला डंख होतो. झाडाखाली पडून कुजणारी आंबा, चिकू, जांभूळ यांसारखी फळे, तसेच रसवंतीजवळील उसाची चिपाडे यांकडेही मधमाश्या व गांधीलमाश्या आकर्षित होतात.

मधमाश्यांचे प्रकार

महाराष्ट्रात आढळणाऱ्या मधमाश्यांपैकी आग्या मधमाशी आकाराने सर्वांत मोठी असते. ती उंच झाडे, कडेकपारी, पाण्याच्या टाक्या व इमारतींच्या सज्जांखाली एकच मोठे उघडे पोळे बांधते आणि डिवचली गेल्यास समूहाने हल्ला करते. अनेक डंखांच्या गंभीर घटनांत तिचा संबंध प्रामुख्याने येतो. सातेरी मधमाशी झाडांच्या ढोलीत, भिंतींच्या पोकळीत किंवा मधपेटीत राहते व तुलनेने शांत असते. फुलोरी मधमाशी लहान असून झुडपांत छोटे पोळे करते. मूळची युरोपातील मेलिफेरा मधमाशी व्यावसायिक मधपालनासाठी पेट्यांतून पाळली जाते.

नांगी फक्त माद्यांना, म्हणजे कामकरी माश्या व राणीमाशी यांना असते. नरास ती नसते. गांधीलमाशी हा निराळा कीटक आहे. तिची नांगी जवळजवळ गुळगुळीत असल्याने ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते आणि नांगी सहसा जखमेत सोडत नाही. डंखाच्या जागी रुतलेली नांगी आढळल्यास तो मधमाशीचा डंख असल्याचे बहुधा निश्चित होते.

डंखाची प्रक्रिया आणि विष

कामकरी मधमाशीच्या नांगीवर मागे वळलेले दाते असतात. सस्तन प्राण्यांच्या लवचीक त्वचेत ते अडकतात. माशी उडून जाताना नांगी, विषाची पिशवी व तिला जोडलेले स्नायू शरीरापासून तुटून जखमेतच राहतात आणि माशी थोड्या वेळाने मरते. तुटलेल्या भागातील स्नायू त्यानंतरही आकुंचन पावत राहतात. नांगी अधिक खोल जाते आणि विष आत ढकलले जाते. बहुतांश विष पहिल्या २० सेकंदांतच त्वचेत उतरते व सुमारे एका मिनिटात पिशवी रिकामी होते. म्हणून नांगी कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व आहे. चिमटीने धरल्यास विषाची पिशवी पिळली जाते, म्हणून नांगी केवळ खरवडूनच काढावी, असा सल्ला पूर्वी दिला जात असे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खरवडून व चिमटीने काढलेल्या नांग्यांमुळे उठलेल्या गांधींच्या आकारात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. विलंबानुसार मात्र गांधीचा आकार वाढत गेला.

विषाच्या शुष्क वजनापैकी सुमारे निम्मा भाग मेलिटिन या पेप्टाइडचा असतो. ते पेशींची आवरणे फोडते व तीव्र वेदना निर्माण करते. फॉस्फोलायपेज ए२ हे विकर पेशींची हानी वाढवते आणि ॲलर्जीस कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत प्रमुख आहे. हायलुरोनिडेज हे विकर ऊतींमधील बंध सैल करून विष पसरण्यास वाट करून देते. यांखेरीज विषात चेतासंस्थेवर परिणाम करणारे अपामिन व काही प्रमाणात हिस्टामाईन असते. डंखाबरोबर आयसोअमाइल ॲसिटेट हे पिकलेल्या केळ्यासारख्या वासाचे द्रव्यही बाहेर पडते. तो इतर माश्यांसाठी धोक्याचा इशारा असतो. त्यामुळे पोळ्याजवळ एक डंख झाल्यावर त्याच प्राण्याला आणखी डंख होण्याची शक्यता वाढते.

लक्षणे

स्थानिक प्रतिक्रिया : पिल्लू अचानक केकाटते, तोंड जमिनीवर वा पंजाने घासते, लंगडते किंवा एकच जागा सतत चाटते. काही मिनिटांत सूज येते. नाक, ओठ वा पापणीवरील सूज दिसायला मोठी असली, तरी पिल्लू चालते-फिरते, नीट श्वास घेणारे व सावध असल्यास ती सहसा धोकादायक नसते. काही पिल्लांत सूज दुसऱ्या दिवसापर्यंत वाढून मग ओसरते.

त्वचेवरील व्यापक प्रतिक्रिया : संपूर्ण चेहरा सुजतो, अंगावर गांधी उठतात व खाज सुटते. आखूड केसांच्या पिल्लांत गांधी डोळ्यांना दिसतात. लांब केसांच्या पिल्लांत अंगावरून हात फिरवल्यास त्या उंचवट्यांसारख्या लागतात. हे लक्षण गंभीर प्रतिक्रियेची सुरुवात असू शकते. त्यामुळे अशा पिल्लास पशुवैद्यास दाखवावे लागते.

ॲनाफिलॅक्सिस : ही संपूर्ण शरीराची तीव्र ॲलर्जिक प्रतिक्रिया होय. कुत्र्यांमध्ये तिचा सर्वांत मोठा आघात यकृत व आतड्यांवर होतो. यकृतातून बाहेर पडणारा रक्तप्रवाह अडतो, पोटातील रक्तवाहिन्यांत रक्त साठते आणि रक्तदाब झपाट्याने घसरतो. यामुळे माणसाप्रमाणे धाप लागण्याऐवजी कुत्र्यात अचानक उलट्या, जुलाब, लाळ गळणे, अशक्तपणा व कोसळणे ही लक्षणे प्रथम दिसू शकतात. चेहऱ्यावर सूज वा अंगावर गांधी नसतानाही ही अवस्था उद्भवू शकते. डंखानंतर झालेली उलटी किंवा जुलाब म्हणूनच किरकोळ समजले जात नाहीत.

अनेक डंखांमुळे होणारी विषबाधा : ही ॲलर्जी नसून विषाच्या एकूण मात्रेचा परिणाम असतो. बहुतेक सस्तन प्राण्यांसाठी प्राणघातक मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे २० डंख एवढी अंदाजली जाते. या हिशेबाने ३० किलोग्रॅमच्या प्रौढ कुत्र्यासाठी ती ६०० डंख, तर ३ किलोग्रॅमच्या पिल्लासाठी केवळ ६० डंख होते. याहून बऱ्याच कमी डंखांनीही गंभीर आजार होऊ शकतो. तांबड्या रक्तपेशी व स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांत जातात. लघवी गडद लाल वा चहाच्या रंगाची होते, हिरड्या फिकट वा पिवळसर होतात आणि मूत्रपिंडे निकामी होण्याचा संभव असतो.

पहिला व दुसरा डंख

ॲलर्जी उद्भवण्यासाठी शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख व्हावी लागते. पहिल्या डंखानंतर रोगप्रतिकार यंत्रणा विषाविरुद्ध आयजीई प्रकारची प्रतिद्रव्ये तयार करू शकते. ती मास्ट पेशींवर बसून राहतात आणि पुढील डंखाच्या वेळी त्या पेशींतून हिस्टामाईन व इतर द्रव्ये एकदम बाहेर पडतात. त्यामुळे पहिला डंख सहज सोसलेल्या पिल्लास दुसरा डंखही तसाच जाईल, असे गृहीत धरता येत नाही. तसेच पिल्लास पूर्वी नकळत डंख झालेला असू शकतो.

या घटनेचा शोध कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच लागला. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल रिशे व पॉल पोर्तिए हे समुद्रपुष्पाच्या विषाविरुद्ध कुत्र्यांत प्रतिकारशक्ती निर्माण करण्याच्या प्रयत्नात होते. काही आठवड्यांपूर्वी विष सोसलेल्या कुत्र्यांना पुन्हा अल्प मात्रा देताच ती अधिक सुरक्षित होण्याऐवजी काही मिनिटांत कोसळली. संरक्षणाच्या उलट होणाऱ्या या प्रतिक्रियेस त्यांनी १९०२ साली ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रथमोपचार

पिल्लास प्रथम डंखाच्या जागेपासून दूर, शक्यतो घरात न्यावे. वेदनेमुळे ओळखीचे पिल्लूही चावू शकते. म्हणून त्यास टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून धरणे सोयीचे ठरते. उलटी होत असल्यास, श्वासास त्रास होत असल्यास किंवा तोंडावर सूज असल्यास तोंड बांधू नये.

केस बाजूला सारून नांगी शोधावी. ती लहान काळसर काट्यासारखी दिसते व तिच्या टोकाला पांढुरकी पिशवी असू शकते. नख, पत्त्यासारख्या कार्डाची कड किंवा चिमटा यांपैकी जे हाताशी असेल त्याने ती ताबडतोब काढावी. साधन शोधण्यात वेळ घालवू नये. नंतर ती जागा पाण्याने धुऊन कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पाण्याची घडी सुमारे १० मिनिटे ठेवावी व थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा ठेवावी. बर्फ थेट त्वचेवर धरू नये.

यानंतर किमान अर्धा तास पिल्लाजवळ थांबून त्याचा श्वास, हिरड्यांचा रंग व हालचाल पाहावी. निरोगी पिल्लाच्या हिरड्या गुलाबी व ओलसर असतात. बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. यास अधिक वेळ लागणे किंवा हिरड्या पांढुरक्या, निळसर वा विटकरी दिसणे हे रक्ताभिसरण बिघडल्याचे लक्षण होय. प्रकृती ठीक राहिल्यास पुढील २४ तास अधूनमधून लक्ष ठेवणे पुरेसे असते.

तोंडात डंख झाला असून पिल्लू सहज गिळत असल्यास त्यास थंड पाणी व मऊ अन्न द्यावे. गिळता येत नसल्यास तोंडावाटे काहीही देऊ नये. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींची श्वासाची वाट मुळातच अरुंद असल्याने त्यांच्या तोंडातील डंखाबाबत सूज वाढण्याची वाट पाहिली जात नाही.

अपायकारक घरगुती उपचार

माणसांच्या डंखावर लोखंड घासणे, चुना, तंबाखू, कांद्याचा रस, हळद किंवा रॉकेल लावणे असे उपाय महाराष्ट्रात रूढ आहेत. त्यांपैकी काही पिल्लांसाठी स्पष्टपणे घातक आहेत.

कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात. त्वचेवर लावलेला रस पिल्लू चाटते तेव्हा तो पोटात जातो. तंबाखूतील निकोटिन अल्प प्रमाणातही लहान पिल्लास विषारी असते आणि त्यामुळे होणारी लाळ, उलटी व थरथर ही लक्षणे डंखाच्या गंभीर प्रतिक्रियेसारखीच दिसल्याने निदानात गोंधळ होतो. चुना दाहक असल्याने जीभ व डोळे भाजतात. रॉकेलामुळे त्वचेची आग होते आणि चाटताना वा उलटीच्या वेळी ते फुप्फुसांत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो.

मधमाशीचे विष आम्लधर्मी असल्याने खाण्याच्या सोड्याने ते निष्प्रभ होते, हा समजही प्रचलित आहे. प्रत्यक्षात विष त्वचेच्या आत गेलेले असते व त्याचा परिणाम मुख्यतः प्रथिने व पेप्टाइडे यांमुळे होतो. त्यामुळे वरून लावलेल्या सोड्याचा फारसा उपयोग होत नाही.

माणसांची औषधेही परस्पर दिली जात नाहीत. आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांनी पिल्लाच्या जठरास व मूत्रपिंडांस, तर पॅरासिटामॉलने यकृतास व रक्तपेशींस इजा होऊ शकते. हिस्टामाईनरोधक औषधे कुत्र्यांत वापरली जातात. मात्र सर्दीच्या अनेक गोळ्यांत त्यांच्यासोबत कुत्र्यांना विषारी असलेली इतर द्रव्ये मिसळलेली असतात. शिवाय पिल्लाचे वजन आठवड्यागणिक बदलते. त्यामुळे औषध व त्याची मात्रा त्या दिवशीच्या वजनानुसार पशुवैद्याने ठरवणे आवश्यक असते.

पशुवैद्यकीय उपचार

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास पिल्लास तातडीने पशुवैद्याकडे न्यावे लागते :

• उलटी, जुलाब, लडखडणे, बेशुद्धी किंवा झटके
• श्वास घेताना आवाज येणे, मान ताणून श्वास घेणे, जीभ वा घसा सुजणे
• हिरड्या पांढुरक्या वा निळसर होणे
• चेहऱ्यावरील सूज झपाट्याने वाढणे किंवा अंगभर गांधी उठणे
• तोंडात, घशात वा डोळ्याच्या बुबुळाजवळ डंख होणे
• अनेक डंख होणे किंवा लघवीचा रंग गडद होणे

निघण्यापूर्वी दवाखान्यात दूरध्वनी करून कल्पना दिल्यास तयारीस वेळ मिळतो. वाटेत पिल्लास कुशीवर, मान सरळ ठेवून झोपवावे व अंगावर हलके पांघरूण घालावे.

ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रेनलिन हे मुख्य औषध होय. ते रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वाढवते, श्वासनलिका मोकळ्या करते व मास्ट पेशींतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांस आळा घालते. त्यासोबत शिरेतून सलाईन व प्राणवायू दिला जातो. हिस्टामाईनरोधक व स्टिरॉइड औषधे पूरक असतात. त्यांचा परिणाम सावकाश होत असल्याने ती ॲड्रेनलिनची जागा घेऊ शकत नाहीत. पहिली प्रतिक्रिया शमल्यावर काही तासांनी ती पुन्हा उसळू शकते, म्हणून अशा पिल्लास काही काळ दवाखान्यात ठेवले जाते. अनेक डंख झालेल्या पिल्लात रक्त व लघवीची तपासणी दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा करून मूत्रपिंडांवर लक्ष ठेवले जाते. मधमाशीच्या विषावर सर्पदंशावरील लसीसारखे प्रतिविष नेहमीच्या वापरात नाही.

भेदनिदान

पिल्लाचा सुजलेला चेहरा म्हणजे मधमाशीचाच डंख असे नसते. घोणस चावल्यास सूज पसरत जाते, चाव्याच्या जागेतून किंवा हिरड्यांतून रक्त येऊ शकते आणि वेदना तीव्र असते. अशा वेळी घरी वाट पाहणे धोक्याचे ठरते. विंचूदंश, दाताचे वा त्वचेचे गळू आणि लसीकरणानंतरची ॲलर्जी यांतही चेहरा किंवा पाय सुजू शकतो.

लाळ गळणे व गिळता न येणे ही रेबीजचीही लक्षणे आहेत. त्यामुळे लसीकरण न झालेल्या किंवा अनोळखी पिल्लाच्या तोंडात नांगी शोधण्यासाठी उघडा हात घालू नये. हाताळताना पिल्लू चावल्यास वा त्याची लाळ जखमेस लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन रेबीजप्रतिबंधक लसीसाठी विनाविलंब वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो.

मोहोळ उठल्यास

आग्या मोहोळ उठल्यास एका जागी थांबून माश्या झटकणे धोक्याचे असते. पिल्लास उचलून, कापडाने झाकून बंद खोलीत वा वाहनात जाणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. साखळीने बांधलेले कुत्रे पळू शकत नाही. अशा हल्ल्यात बांधलेली जनावरे सर्वाधिक संकटात सापडतात. सुरक्षित असेल तरच त्याची साखळी सोडावी. सोडवणाऱ्याचे अंग झाकलेले नसल्यास त्याच्याही जिवास धोका असतो. आत आल्यावर केसांत अडकलेल्या माश्या विंचरून काढाव्यात व कान, मान, पोट आणि शेपटीखालील भाग तपासून नांग्या काढाव्यात.

प्रतिबंध

पाण्याचे भांडे उन्हाळ्यात घरात वा सावलीत ठेवणे, ते वारंवार बदलणे आणि माश्यांसाठी बागेच्या दुसऱ्या टोकाला खडे घातलेले उथळ पाणी ठेवणे, पडलेली फळे वेचणे व फुललेल्या ताटव्यांजवळ पिल्लास दोरीने धरून फिरवणे हे उपाय उपयुक्त ठरतात. ‘सोड’ ही आज्ञा लहानपणीच शिकवल्यास तोंडात कीटक पकडण्याची सवय कमी करता येते. एकदा गंभीर प्रतिक्रिया आलेल्या पिल्लाची नोंद त्याच्या लसीकरणपुस्तिकेत करून ठेवल्यास पुढील डंखाच्या वेळी कोणत्याही पशुवैद्यास ती लगेच समजते. आपत्कालीन औषध घरी ठेवावे किंवा कसे, याचा निर्णय पशुवैद्याच्या सल्ल्याने घेतला जातो.

घराजवळील पोळे जाळणे वा त्यावर कीटकनाशक फवारणे यामुळे माश्या चवताळून डंखांचा धोका वाढतो, शिवाय पिकांच्या परागीभवनास उपयुक्त असलेली वसाहत नष्ट होते. रहदारीच्या जागी असलेले पोळे प्रशिक्षित मधपाळाकडून हलवून घेणे श्रेयस्कर असते. उंच जागेवरील व न डिवचलेले पोळे बहुधा हंगाम संपताच माश्या स्वतःहून सोडून जातात.